नवव्या माळेला मिळालेला श्वास

उपवासाचा मला अभिमान होता, हे एवढं वाक्य लिहायला मला जवळजवळ वर्ष लागलं. श्रद्धा होती, भक्ती होती, ते काही खोटं नव्हतं. पण त्यांच्या आडून अभिमानही माझ्या देव्हाऱ्यासमोर रोज पाट मांडून बसत होता आणि मला तो दिसत नव्हता. तो मला ज्या रीतीने दाखवला गेला, ती आठवली की आजही अंगावर काटा येतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. मुलांना वाढवून सांगायचं नाही, असं आयुष्यभर शिकवलं. तेव्हा जे घडलं तेवढंच लिहिते. त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

आमचं घर भिवंडीजवळच्या अंजूर गावातलं. घरामागची भातशेती आता गोदामांच्या पत्र्याखाली गेली, पण गावदेवीचं देऊळ जागच्या जागी आहे. माझे यजमान आजारी पडले तेव्हा मी त्या देवीला बोलले होते की, ह्यांना उठव, मी मासळी आणि अंडं सोडते. मासळी सोडणं ही आमच्या आगरी घरात लहान गोष्ट नव्हे. पण हे उठले नाहीत. लोकांना वाटलं, बाई आता देवावर रुसेल. मी रुसले नाही. माझ्या मनाने दुसरंच घेतलं. मला वाटलं, माझंच काहीतरी कमी पडलं. मी आणखी सोडायला हवं होतं. मग मी सोडतच गेले. मंगळवार होताच, शुक्रवार धरला. चतुर्थी, एकादशी धरली. उरलेल्या दिवशी रात्रीचं जेवण बंद केलं. एखाद्या दिवशी भूक लागलीच तर पाणी पिऊन देव्हाऱ्यापुढे बसायचे आणि भूक विरून गेली की मनात म्हणायचे, बघ, जिंकले.

पाच-सहा वर्षांत अंग वाळत गेलं. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या. देवळात भेटणाऱ्या बायका म्हणायच्या, "बाई, काय तेज आलंय तुमच्या चेहऱ्यावर!" मला ते खरं वाटायचं. जमिनीवरून उठताना दाराची चौकट धरावी लागायची, लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरायचं नाही, देवळाच्या सात पायऱ्यांत दोनदा थांबावं लागायचं. हे सगळं मी वयाच्या खात्यावर टाकलं. साठी उलटली की असं होणारच, असं मी सुनेला सांगायचे. माझी सून प्रणाली शांत मुलगी आहे. ती उलट बोलायची नाही, पण माझ्या ताटात गुपचूप एक चमचा डाळ जास्त वाढायची आणि मी ती बाजूला काढून ठेवायचे.

त्यातच डावीकडची खालची दाढ किडली. ठणका लागला की मी लवंग धरायचे. एका बाजूने चावायचे, मग चावायचंच कमी केलं, पेज आणि ताकावर भागवायला लागले. प्रणालीने एकदा दाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली. तो मंगळवार निघाला आणि मी गेले नाही. पुन्हा घेतली, तेव्हा नवरात्र तोंडावर आलं होतं. म्हटलं, दसऱ्यानंतर बघू.

गेल्या वर्षीचं ते नवरात्र. नऊ दिवस पाणी आणि संध्याकाळी कपभर दूध, एवढ्यावर राहायचं मी ठरवलं होतं. पाचव्या माळेला दाढ असह्य ठणकू लागली. सहाव्या दिवशी ठणका थोडा कमी झाला म्हणून मी देवीचे आभार मानले. सातव्या माळेला जबड्याखाली सूज आली. माझा मुलगा निलेश म्हणाला, "आई, चल डॉक्टरकडे." मी म्हटलं, "घट उठले की लगेच जाऊ." त्याने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून दिल्या. उपाशीपोटी एक घेतली तर मळमळलं, म्हणून बाकीच्या मी उशाखाली ठेवल्या. आठव्या दिवशी ताप भरला. संध्याकाळचं दूध गळ्याखाली उतरेना. आणि तेव्हा माझ्या मनात जो विचार आला, तो सांगताना मला आज लाज वाटते. मला वाटलं, देवीलाच माझा कडकडीत उपवास हवा असेल. दूधही नको म्हणत असेल ती. मी पदर कानामागून घट्ट ओढून घेतला, सूज झाकली आणि कोणाला काही बोलले नाही.

नवव्या दिवशी सकाळी निलेश लवकर निघून गेला. तो कशेळीच्या एका गोदामात कामाला आहे आणि खंडेनवमीला तिथे यंत्रांची, गाड्यांची पूजा असते. प्रणाली स्वयंपाकघरात पुरणाचं बघत होती. मला भिवंडीत देवीच्या देवळात ओटी भरायला जायचं होतं, दर वर्षी जाते तशी. मी दारातूनच म्हटलं, "ओटी भरून येते." तोंडात घास धरून बोलावं तसा माझा आवाज निघाला. ती मिक्सर बंद करून बाहेर येईपर्यंत मी वाटेला लागले होते.

नाक्यावर शेअर रिक्षा मिळाली. मागे टेकून बसलं की गळा दाबल्यासारखं व्हायचं, म्हणून मी पुढे वाकून, समोरची दांडी धरून बसले. तोंडात थुंकी साचत होती आणि गिळता येत नव्हती. मी ती पदराने टिपत होते. फाट्यावर एक बाई चढली. चाळिशीची असेल. हातात डब्याची पिशवी, तिच्यात घडी घातलेला पांढरा एप्रन. ती खारबावहून येत होती. तिची नेहमीची रिक्षा फाट्यावर बंद पडली म्हणून या रिक्षात बसली, हे मला नंतर कळलं. थोडा वेळ ती माझ्याकडे बघत राहिली. मला राग आला. मग ती म्हणाली, "मावशी, दात दुखतो काय?"

मी मान डोलावली.

"किती दिवस झाले सूज येऊन?"

मी तीन बोटं दाखवली.

"तोंड उघडा बघू."

असं धावत्या रिक्षात कोणी अनोळखी बाईने म्हणावं, याचं मला नवल वाटलं. पण तिच्या आवाजात असं काही होतं की मी ऐकलं. तिने आपली दोन बोटं एकावर एक ठेवून माझ्या ओठांपुढे धरली. दोन राहू द्या, एकही बोट आत जाईना. तिने पदर बाजूला सारून माझ्या हनुवटीखाली हात लावला आणि तिचा चेहरा बदलला. "लाकडासारखं झालंय," ती स्वतःशीच म्हणाली. मग रिक्षावाल्याला ओरडून सांगितलं, "भैया, मंदिर वगैरे कुछ नहीं, सीधा हॉस्पिटल चलो. बीच में कुठेच थांबायचं न्हाय."

मी जोरात मान हलवली. ओटीची पिशवी वर करून दाखवली आणि जमेल तसं बोलले, "आज नवमी... उपवास सुटला की..."

"उपवास सोडायला गळा उघडा पायजे ना, मावशी?" ती म्हणाली. रागावून नाही, अगदी साधेपणाने. "मी बारा वर्षं दाताच्या दवाखान्यात काम करते. रोज बघते. हे आता दाताचं न्हाय राहिलं, गळ्यात उतरलंय. याने श्वास बंद पडतो. मी तुम्हाला घाबरवत न्हाय, खरं सांगते."

मला रडू आलं. भीतीने नव्हे, हट्टाने. आठ दिवस काढले होते, एक उरला होता. माझ्या आयुष्यभराच्या पुण्याईच्या दारात ही बाई आडवी आली, असं मला वाटलं. मी तिचा हात झटकला. तिने तो पुन्हा माझ्या पाठीवर ठेवला आणि हॉस्पिटलच्या दारापर्यंत काढला नाही.

भिवंडीतल्या त्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मला बघितलं आणि दोन मिनिटांत सलाईन, इंजेक्शन सगळं सुरू केलं. ते म्हणाले, "यांना ऑपरेशन लागेल आणि भूल देणं अवघड जाणार आहे. ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलला न्या, आत्ताच." निलेशचा नंबर विचारला तर मला आकडे बोलता येईनात. मी त्या बाईच्या तळहातावर बोटाने एकेक आकडा लिहिला आणि तिने फोन लावला. ती तिथूनच कामाला जाऊ शकली असती. तिचा दवाखाना तिथून दहा मिनिटांवर होता. पण ती माझ्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये चढली. आतल्या माणसाने मला स्ट्रेचरवर आडवं करायला घेतलं तेव्हा तिने त्याला अडवलं. "आडवं नका करू. बसूनच न्यायचं. आडव्या झाल्या की जीभ मागे पडेल." आणि मला छातीशी टेकवून धरून ती बसली. मी तिचं नावही विचारलेलं नव्हतं.

कशेळीचा रस्ता आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. गोदामांतून निघालेले कंटेनर, ट्रक, टेम्पो, पुलाच्या अलीकडे लागलेली रांग. निलेश एकेका दिवशी दोन-दोन तास तिथे अडकतो. ॲम्ब्युलन्सचा भोंगा तिथे नुसता वाजत राहतो. मी डोळे मिटून मनात म्हटलं, आता संपलं. पण गाडी थांबेना. मी डोळे उघडले. काचेतून बाहेर जे दिसलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना ट्रक आणि कंटेनर ओळीने उभे होते, धुतलेले, कपाळाला गंध लावलेले, झेंडूच्या माळा घातलेले. चाकांखाली लिंबं, पुढे नारळ फोडलेले. ड्रायव्हर हात जोडून उभे. आणि मधला सगळा रस्ता मोकळा. खंडेनवमी होती, गाड्या पूजेसाठी थांबल्या होत्या. कारण एवढं सरळ होतं आणि ते मला त्या क्षणीही ठाऊक होतं. तरी त्या माळा घातलेल्या दोन रांगांमधून आमची गाडी सुसाट निघाली तेव्हा माझ्या आतलं काहीतरी एकदम गप्प झालं. नऊ दिवस मी ज्या देवीला एकेक माळ घालत होते, तिच्या इतक्या माळा मी कधी एका जागी पाहिल्या नव्हत्या.

ठाण्याला पोचेपर्यंत माझ्या श्वासाला घरघर लागली होती. निलेश मोटारसायकलवरून आधीच येऊन दारात उभा होता. त्याच्या कपाळावर पूजेचा टिळा तसाच होता. स्कॅन झाला. जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टर बाईंनी त्याला समजावलं ते मीही ऐकत होते. दाढेच्या मुळाशी झालेला पू जबडा फोडून जिभेखाली आला होता आणि तिथून मानेच्या थरांमधून खाली उतरत छातीच्या दिशेने निघाला होता. श्वासनलिका दोन्ही बाजूंनी दाबली गेली होती. "भूल देऊन झोपवलं तर श्वास बंद होण्याची भीती आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून त्या जाग्या असतानाच नाकातून नळी श्वासनलिकेत घालायची. ते जमलं नाही तर गळ्याला छेद द्यावा लागेल." निलेशने सही केली.

आता जे सांगायचं आहे त्याला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत.

ऑपरेशनच्या खोलीत मला बसतं ठेवलं होतं. भूल देणारे डॉक्टर माझ्या डोक्याशी उभे होते, मास्कवरून फक्त डोळे दिसत होते. नाकात औषध मारलं, मग एक बारीक नळी आत सरकू लागली. मला घुसमटल्यासारखं झालं. अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो. मीही घ्यायला गेले. चाळीस वर्षं मी रोज जप केला, पाचशे नावं सकाळी, पाचशे संध्याकाळी. आणि त्या क्षणी मला एकही नाव आठवेना. स्तोत्राची पहिली ओळ आठवेना. देवीचा चेहराही डोळ्यांपुढे येईना. जीभ वर उचललेली, गळा बंद, मन कोरं. मी आतल्या आत धावत होते आणि सगळी दारं बंद होती. जे जे जमवलं म्हणून मी समजत होते, त्यातलं काहीही माझ्याजवळ नव्हतं.

तेव्हा त्या डॉक्टरांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "आजी, तुम्ही काहीच करू नका. काहीच नाही. येईल तसा श्वास येऊ द्या."

काहीच करू नका. मला असं कोणी कधी म्हटलंच नव्हतं. मी स्वतःलाही म्हटलं नव्हतं. आणि मी सोडलं. काय सोडलं ते सांगता येत नाही, पण मुठी उघडल्यासारखं झालं. मग एक श्वास आला. मी तो घेतला नाही, तो आला. त्याच्यामागून दुसरा आला. साठ वर्षं हा असाच येत होता, मी झोपलेली असताना, पोरांना पाढे शिकवताना, यजमानांच्या चितेपुढे उभी असताना, आणि मी त्याच्यासाठी कधी काहीही केलेलं नव्हतं. कोणताही उपवास त्याची किंमत म्हणून दिलेला नव्हता. मला कुठला प्रकाश दिसला नाही, आवाज ऐकू आला नाही. फक्त इतकं कळलं की मला श्वास दिला जातोय आणि देणारा माझ्याकडून काही मागत नाहीये. त्या जाणिवेपुढे मी इतकी लहान झाले आणि इतकी निर्धास्त, की नळी आत पोचली कधी आणि भूल चढली कधी, ते मला समजलं नाही.

पुढचे दिवस तुकड्यातुकड्यांनी आठवतात. गळ्यावर दोन बाजूंना छेद, त्यांतून काढलेल्या नळ्या, दाढ काढून टाकलेली. दसरा होऊन गेला तो मला कळलाच नाही. पू पुन्हा साचला म्हणून आणखी एकदा ऑपरेशनच्या खोलीत न्यावं लागलं. श्वासाचं मशीन काढायला गेले की माझी छाती दमायची. खोकून कफ बाहेर टाकण्याइतकीही ताकद नव्हती. शेजारच्या खाटेवर तसल्याच दाताच्या सुजेने आलेला एक यंत्रमाग कामगार होता, माझ्याहून वयाने थोडा लहान. तो आठवड्यात चालत घरी गेला. मी तिथेच होते.

मशीन निघाल्यावर एका दुपारी डॉक्टर बाई माझ्या खाटेवर बसल्या. आवाज फुटत नव्हता म्हणून मी पाटीवर लिहिलं, मलाच इतकं का? शुगर तर नाही मला.

त्यांनी जरा विचार केला. "आजी, नक्की एकच कारण सांगता यायचं नाही. उशीर झाला, हे तर आहेच. पण तुमच्या मानेच्या स्कॅनमध्ये आम्हाला आणखी एक दिसलं. मानेचे स्नायू वयाच्या मानाने फार बारीक झालेत. मानेचे तसे, तर मांड्यांचे, छातीचेही तसेच. असं मांस झडलेल्या माणसाला हाच आजार जास्त जड जातो, बरं व्हायला वेळ लागतो, हे आम्ही बघतो."

"मांस म्हणजे नुसतं वजन नव्हे," त्या पुढे म्हणाल्या. "आजारात शरीर स्वतःला भरून काढायला तिथूनच उचलतं. तुमच्याकडे उचलायला काही शिल्लक नव्हतं. जेवणखाण कसं होतं तुमचं?"

मी पाटी उलटी करून ठेवली. प्रणाली कोपऱ्यात उभी होती. तिने सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. माझी लाज तिने राखली.

त्या संध्याकाळी चादर सरकली तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःच्या मांडीकडे नीट बघितलं. कातड्याखाली हाड दिसत होतं. याला मी तेज म्हणत होते. मला दिलेलं शरीर मी थोडं थोडं मोडत होते आणि तेच फूल म्हणून देणाऱ्याच्याच पायावर वाहत होते. त्याने ते मागितलंच नव्हतं.

नाकातल्या नळीतून अन्न जात होतं तोवर माझी परीक्षा नव्हती. नळी निघाली आणि आहाराच्या बाईंनी कागद दिला. डाळ, दूध, पनीर आणि रोज दोन अंडी. दोन दिवस मी अंड्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी प्रणाली वाटीत उकडलेलं अंडं कुस्करून घेऊन आली. मी मान फिरवली.

"नवस आहे," मी म्हटलं. आवाज तेव्हा घोगरा निघायचा.

लग्न होऊन आल्यापासून ती मला पहिल्यांदा उलट बोलली. "आई, आपल्या गावदेवीला तिखटाचा निवद लागतो. कोंबडं लागतं. ती स्वतः खाते आणि तुम्हाला उपाशी ठेवते व्हय? नवस बाबांसाठी होता ना? बाबा गेले. तुम्ही कमी केलं म्हणून न्हाय गेले. त्यांची वेळ झाली, गेले." बोलता बोलता ती रडायला लागली. "तुम्ही पन गेलात तर मी कोनाला सांगू? मला आई न्हाय, तुम्हाला म्हाईत हाय."

तिची आई ती लहान असतानाच वारली होती, हे मला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. पण ती माझ्या ताटात जो चमचा जास्त वाढत होती, त्यात काय होतं, ते मला त्या वाटीपुढे समजलं. मी तोंड उघडलं. जबडा अजून ताठ होता, घास अर्धा बाहेर सांडला. तिने तो पदराने पुसला आणि दुसरा भरवला.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी, दुपारच्या वेळी, मला भूक लागली. खरी भूक, पोटात कावळे ओरडावेत तशी. कुठल्याशा खाटेवरून वरणाचा वास येत होता. जी भूक मी वर्षानुवर्षं पाणी पिऊन मारली, ती इतक्या दिवसांत एकदाही आली नव्हती. मी हाताने पोट दाबून धरलं, ती निघून जाऊ नये म्हणून, आणि मोठ्याने हाक मारली, "प्रणाली, मला भूक लागली!" नर्स हसली. मी मात्र हात जोडले होते.

चार आठवड्यांनी घरी आले. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं होतं, तसं रोज खुर्चीवरून उठायचं, बसायचं, भिंत धरून टाचा उचलायच्या. पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली करायच्या. अंगात जीव यायला पावसाळा उजाडला. पहिल्यांदा एकटीने घराबाहेर पडायची ताकद आली तेव्हा मी निलेशला म्हटलं, मला त्या बाईकडे ने.

तिचं नाव सुरेखा. मी ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येईपर्यंत ती त्या दिवशी निलेशबरोबर बसून होती. आम्ही खारबावला तिच्या घरी गेलो. घरात बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे मेणबत्ती, शेजारी मुलीची अभ्यासाची पुस्तकं. मी साडी आणि नारळ घेऊन गेले होते. वाकून तिच्या पायांना हात लावायला गेले, तर ती दोन पावलं मागे सरली.

"मावशी, असं न्हाय करायचं. वयाने मोठ्या तुम्ही."

"तू माणूस नव्हतीस त्या दिवशी," मी म्हटलं. "देवीच आली होती रिक्षात."

ती हसली नाही. "मला देवी नका करू, मावशी. आमच्या घरात देवी न्हाय, बुद्धवंदना असते. मी ड्युटीला निघाले होते. तुम्हाला बघितलं, घाबरले. कारन आधी एकदा असा पेशंट आमच्या दवाखान्यात आला होता. पायऱ्यांवरच बसला, दम खायला. मी गर्दीत होते, लक्ष दिलं न्हाय. सरांनी बघितलं तोवर उशीर झाला. ते मानूस माझ्या डोळ्यांपुढून जात न्हाय. म्हनून तुम्हाला सोडलं न्हाय. एवढंच."

मी नारळ तसाच हातात धरून उभी राहिले. मी तिला देवी करून मोकळी होणार होते. म्हणजे पुन्हा एकदा मी फूल वाहणार, नमस्कार करणार आणि हिशोब पुरा झाला म्हणून घरी जाणार. तिने ते करू दिलं नाही. एका माणसासाठी तिच्या मनात राहून गेलेली रुखरुख माझ्यापर्यंत हात होऊन पोचली होती. एक रिक्षा बंद पडली, एका बाईचं मन एका जुन्या चुकीने जागं होतं आणि कुठल्याशा पूजेसाठी शेकडो गाड्या कडेला उभ्या राहिल्या. यातलं काहीच माझ्यासाठी केलेलं नव्हतं. तरी ते सगळं मिळून मी जगले. एका देवीने येऊन हात धरावा, त्यापेक्षा हे मला मोठं वाटतं. इतकं मोठं, की विचार करायला लागले की चक्कर येते.

सुरेखाने नारळ घेतला नाही, साडी मुलीसाठी ठेवून घेतली आणि आम्हाला जेवायला थांबवलं. सुकटीचं कालवण होतं. निलेश माझ्याकडे चोरून बघत होता. मी वाढून घेतलं.

या नवरात्रात आमच्याकडे घट बसले, माळा चढल्या. मी उपवास केला नाही. शेजारच्या एक-दोघींनी विचारलं, "बाई, भक्ती कमी झाली काय?" ते मलाही नक्की माहीत नाही. उपवास करणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. कोणाचा उपवास प्रेमाचा असेल. माझा भीतीचा होता, देणारा पुरेसा दयाळू नाही असं धरून केलेला. आता सकाळी जप करते तेव्हा मोजत नाही. मध्येच विसरते, तर थांबते आणि आत-बाहेर होणारा श्वास ऐकत बसते. दुपारी प्रणाली हाक मारते, "आई, पान वाढलंय." मी लगेच उठते. ती समोर बसते, दोघी जेवतो. पहिला घास घेताना रोज माझे डोळे मिटतात आणि मनात मागणं म्हणून काही येतच नाही. देवी समोरच्या भिंतीवर तसबिरीत असते, ती बघत असते आणि मी पोटभर जेवते.